चुलीच्या कोणत्या अंगाला

उंबरमाळला पोचलो तेव्हा घड्याळ म्हणालं
चारशे बारा मीटर, ठोके एकशे अडतीस.
आम्ही नऊ जण, नऊ सॅक, एक नकाशा,
आणि पुढे प्लास्टिकच्या चपलेत नवशा हिलम,
ज्याने नकाशा एकदाच हातात घेतला,
म्हणाला, "ओढा चुकलाय इथं,"
आणि घडी घालून परत दिला.

वाडी बंद होती.
दुकान बंद असतं तशी नव्हे.
कुलपं नव्हतीच, दारांत काट्यांच्या फांद्या आडव्या,
कारवीच्या कुडांवरचं शेण पोपडे धरून सुटलेलं.
कुत्रं एक. तेही भुंकलं नाही.
शाळेच्या खिडकीतून फळा दिसला:
वार शुक्रवार, हजर बावीस,
खाली अर्धवट पुसलेला ससा.
"दिवाळी झाली की भट्टीवर," नवशा म्हणाला.
"विटा पाडायला. येतील पावसाच्या तोंडावर."

सहलीच्या पत्रकात छापलं होतं:
दुपारी बारा ते दोन, कातकरी जीवनाचा अनुभव.
साडेबाराला आम्ही चिक्की खात बसलो.

शेवटच्या खोपीपुढे सुकरी होती.
कडू कंदाच्या चकत्या राखेत उकळून
रात्रभर ओढ्यात ठेवलेल्या,
कडूपण वाहत्या पाण्याला देऊन टाकलेलं,
आता निथळत होत्या टोपलीत.
"काय बगायला आल्यात?"
कुणी म्हणालं, डोंगर.
मोघेबाई म्हणाल्या, इथून समुद्र दिसतो ना.
सुकरीने मान वळवली.
खाली धरमतरची खाडी, नखाएवढं कोळशाचं जहाज,
त्यापलीकडे पांढुरकं काहीतरी.
"दिसतो," ती म्हणाली,
बोलणं बंद असलेल्या शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं.

मग विचारलं, पेणवरूनच जाल ना?
पळसाच्या पानांत चकत्या बांधल्या, वर वाख गुंडाळला.
"बुधीला द्या. पुलाच्या अंगाला भट्टी हाय.
माजी लेक. इचारा, सांगतील."

नऊ सॅकांनी एकमेकींकडे पाहिलं.
ओलं आहे, कुणीतरी म्हणालं.
गाडी भाड्याची आहे.
मी जाकीट काढून कमरेला बांधलं,
जागा झाली.
उतरताना पाठीवर ओल पाझरत राहिली,
राखेचा वास, मातीचा,
आणि दर वळणावर नवशा मागे वळून
माझ्याकडे नव्हे, सॅककडे बघायचा.

भट्टीवर बुधी साच्यात चिखल थापत होती.
कोपरापर्यंत हात, नखं दिसत नव्हती.
पुडी उघडली, आधी वास घेतला,
एक चकती स्वतः खाल्ली, उभ्या उभ्याच,
मग पोरांना हाक मारली.
आणि मला विचारलं,
"आय चुलीच्या कोणत्या अंगाला निजते?
दाराकडं का कुडाकडं?"

माझ्याकडे दोनशे सहा फोटो होते.
सुकरीचे हात. सुकरीची टोपली.
सुकरी आणि मागे समुद्र, हा चांगला आला होता.
मी पुढे सरकवत गेले, पुन्हा मागे,
कुठेच नव्हतं.
बुधीने फोन घेतला नाही,
नुसतं बोट ठेवलं
सुकरीच्या खांद्यामागच्या काळ्या चौकोनावर,
जे दार होतं, हेही मला आताच कळत होतं,
आणि चिखलाच्या दोन बोटांनी तो काळोख
ताणत गेली, ताणत गेली.
"गोधडी कुडाकडं हाय," ती म्हणाली.
"म्हंजी खोकला गेला न्हाय अजून."

मला काळंच दिसत होतं.

ती साच्याकडे वळली. आठशे झाल्या होत्या,
हजार व्हायच्या होत्या उजेड आहे तोवर.
गाडीने दोनदा हॉर्न दिला.
वडखळ येईपर्यंत काचेवरचा चिखल वाळला,
मोघेबाईंनी रुमाल पुढे केला,
मी नको म्हटलं.